कढीवानी पातळ मुलूख

किसनआबा दगड चाटून बघायचे. आपण लोणचं चाखतो तसं, डोळे मिटून. मग थुंकून निकाल द्यायचे, "कवळा हाय." या कोवळ्याचं वय कोट्यवधी वर्षं!

आबा आमच्या गावचे, एका म्हशीचे मालक आणि दूध सोसायटीचे सभासद. मी सोसायटीचा सचिव. तरुणपणी दुष्काळी कामावर असताना आबांनी एका भूगर्भवाल्या साहेबांची दगडांची पिशवी आठवडाभर वाहिली होती. पिशवी साहेब घेऊन गेले, ज्ञान आबांकडं राहिलं.

सभेत कुठलाही विषय निघो, आबा उठणार. "अध्यक्षसाहेब, सुरवातीपून सांगतो. पयल्यांदा भुई फाटली."

"आबा, विषय पेंडीचा हाय."

"पेंड पिकती मातीत. माती दगडाची. आन् दगूड आदी कढीवानी पातळ व्हता! थरावर थर आले, भाकरीच्या चवडीवानी."

सलग दोन पावसाळे कोरडे गेले, तेव्हा सोसायटीनं चारा छावणीतल्या जनावरांसाठी विहीर खणायला घेतली. खाली काळा पाषाण लागला. सुरुंग लावून लावून माणसं थकली. अध्यक्ष म्हणाले, "बंद करा." तिकडं जनावरं रिकाम्या हौदापाशी हंबरत होती.

आबा दगड उपसायच्या यारीच्या टोपलीत बसून विहिरीत उतरले आणि लालेलाल जीभ घेऊन वर आले.

"गेरूचा पट्टा लागलाय! दोन थरांमदली माती हाय ती. वरचा लावारस आला आन् ती भाजून निघाली. तिच्याखाली जुन्या थराची साय, बुडबुड्यांनी भोकं पडल्याली. पानी तितं दडतंय."

"न्हाई लागलं तर?" अध्यक्षांनी विचारलं.

"तर सभेत तोंड उघडनार न्हाई."

खोदकामाचा ठराव तात्काळ एकमतानं मंजूर झाला.

चौथ्या दिवशी पाणी लागलं. गुलाल उडाला. हार घालायचा, तर आबा गायब! मी शोधत निघालो.

त्यांच्या गल्लीतली बहुतेक घरं ऊसतोडीला गेलेली. आबांची कारभारीण, लेक, सून, सगळी तिकडंच. म्हशीसाठी एकटे आबा मागं. खांद्यावर घागर घेऊन ते कुलूपबंद दारांपुढं ओंजळभर पाणी शिंपडत होते.

"इठाबाई, पानी लागलं गं." पुढचं दार. "ए गन्या, लागलं रं पानी."

मग स्वतःचा उंबरा. "आयकलंस का?" त्यांनी आत हाक दिली आणि उंबऱ्यावर ओंजळ रिती केली.

मी दिसताच ओशाळले. "सायेब, लई दिस कुनी बोललं न्हाई की घरं रुसत्यात."

"झाली का सगळी?"

"पल्याडची गल्ली ऱ्हायलीया."

मी त्यांच्या खांद्यावरची घागर घेतली.