हमीदचाचा आणि कच्चा रंग

आमच्या हमीदचाचांची आणि तुमची पहिली भेट झाली, तर ते तुमच्या तोंडाकडे बघणार नाहीत. तुमच्या बाहीकडे बघतील. मग खिशातून पांढरा रुमाल काढतील, त्याचं टोक पाण्यात बुडवतील आणि 'या, बसा' म्हणायच्या आधी तुमच्या सदऱ्याची किनार त्या ओल्या रुमालात धरून खसाखसा घासतील. रुमाल पांढरा राहिला तर चहा येतो. रंग उतरला तरी चहा येतो, पण आधी मान हलते आणि निकाल लागतो, "कच्चा हाय. पाणी खोटं बोलत न्हाई." हे सदऱ्याबद्दल असतं. नवख्या माणसाला मात्र ते आपल्याबद्दलच वाटतं आणि तो चहा निम्मा टाकून उठतो. मी रहिमतपुरात चौदा वर्षं चाचांच्या भिंतीला भिंत लावून राहतोय. हा माणूस शहाणा की वेडा, याचा निकाल मला अजून लावता आलेला नाही.

चाचांचं घराणं कापड रंगवणाऱ्यांचं. आजोबा रंगारी, वडील रंगारी, चाचाही ऐन उमेदीत रंगारीच. पण आता ते साड्यांना फॉल लावतात, पिको करून देतात. रंगाचं काम त्यांनी मी इथं यायच्या कितीतरी आधी सोडलं. का सोडलं म्हणून विचारलं की म्हणतात, "पाणी लय लागायचं." आणि विषय बदलतात. चाची मी यायच्या आधीच गेल्या. एकुलती एक मुलगी शबाना, ती सांगलीला दिली. घरात चाचा, शिलाई मशीन आणि सुईदोऱ्याचे डबे.

बरं, रंगाचा त्यांना तिटकारा असावा म्हणावं, तर तेही नाही. माझी बायको सुनंदा आंबा कलरची साडी नेसून निघाली की हा माणूस दुकानातून उठून बाहेर येतो. "व्वा! मास्तर, बगा वो, काय रंग चढलाय!" आणि पुढच्याच दमात, "वैनी, घरी आल्याबरुबर बदला हं ती." आता या वाक्यावर नवऱ्यानं काय चेहरा करायचा, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो. हे सांगायचं कारण म्हणजे माझी फजिती. दोन वर्षांपूर्वी शाळेनं आम्हा शिक्षकांसाठी गर्द निळ्या कापडाचा गणवेश काढला. कापड चकचकीत, इस्त्री नको, दर आम्हाला परवडणारा. महिन्याभरात मला खाज सुटली. एकानं गजकर्ण सांगितलं, मलम दिलं. दुसऱ्यानं उष्णता सांगितली, सब्जा दिला. सुनंदानं वांगं बंद केलं. मग गवार बंद केली. मग साबण बदलला. मी दोन महिने दोडक्यावर काढले आणि वर्गात फळ्याकडे तोंड करून कंबर खाजवायला शिकलो. मुलं म्हणायची, सर हल्ली फळ्यावर फार लिहितात.

चाचांनी एकदा मला दारातच गाठलं. "मास्तर, खाज कुटंकुटं हाय?"

मी लाजत सांगितलं, काखेत, कमरेला, मांडीच्या आतल्या अंगाला.

"म्हंजी जितं घाम आन् जितं कापड घासतंय, तितंच. व्हय का न्हाई?"

"हो, पण वांगं—"

"आवं, वांगं खाऊन उठलेली खाज शिवणीच्या रेघंनं येती व्हय?"

मी घरात जाऊन आरशात बघितलं. खरोखरच शिवणीच्या रेघेनं आली होती. तरी माझ्यातला बी.एस्सी. काही ऐकेना. मी साताऱ्याला त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी माझ्या पाठीवर छोटी छोटी ठिगळं चिकटवली, दोन दिवसांनी काढली, आणि सांगितलं, गडद निळ्या-काळ्या पॉलिस्टरमध्ये असतो तसल्या एका रंगाचं तुम्हाला वावडं आहे. चौथी नापास माणसानं दारात उभं राहून फुकट सांगितलेलं मी पाठीला ठिगळं लावून ऐकलं. त्या दिवशी सुनंदानं भरली वांगी केली.

यानंतर आम्ही दोघं चाचांचे भक्तच झालो. सुनंदा जाहीर करून बसली, यापुढे या घरात केमिकलचा रंग येणार नाही, सगळं नैसर्गिक. ही आनंदाची बातमी आम्ही चाचांना द्यायला गेलो, तर ते हसायलाच लागले.

"वैनी, बिब्बा बी नैसर्गिकच हाय. लावून बगा अंगाला."

"म्हणजे? मग केमिकल चांगलं?"

"तसं कुटं म्हणलं मी? कापडात पक्कं बसलेलं गप बसतंय. कच्चं बसलेलं अंगावर येतंय. आन् कुनाला काय सोसल, ते ज्याचं त्याला. नवं कापड दोनदा धुवायचं, मगच घालायचं. एवढंच हाय."

इतकं सोपं होतं तर हे आधी का नाही सांगितलं, असं मी विचारलं. ते म्हणाले, "तुमी मास्तर. तुमाला म्हाईत आसंल म्हणलं." आम्ही भक्ती तिथंच सोडून घरी आलो.

चाचांचा रुमाल घरापुरता असता तर कुणाची तक्रार नव्हती. पण ते लग्नात जातात, आणि लग्नात आहेर असतो. आपल्याकडे आहेराचा ब्लाउजपीस ही शिवायची वस्तू नाही, ती पुढं सरकवायची वस्तू आहे. चाचांकडे असा एक लालभडक तुकडा आला. त्यांनी तो तपासला, कोपऱ्यात बारीक अक्षरात बॉलपेननं लिहिलं, 'रंग जातो. अंगाला लावू नये. हमीद', आणि परंपरेप्रमाणे पुढं दिला. तो तुकडा रहिमतपुरातून कोरेगावला, कोरेगावहून वडूजला असा कुठंकुठं फिरला. प्रत्येक घरानं तो मजकूर वाचला असणार, कारण सगळ्यांनीच तो घाईनं पुढच्या घरी पोचवला. दीड वर्षानं एका साखरपुड्यात तो आमच्या हातात पडला. मी चाचांना दाखवला. त्यांना आपलं अक्षर बघून गहिवरून आलं. "बगा, कुनीच शिवला न्हाई," ते म्हणाले.

हे सगळं हसण्यावारी गेलं. जे नाही गेलं, ते शबानाच्या मंगनीच्या, म्हणजे साखरपुड्याच्या दिवशी घडलं.

मुलाकडच्यांनी सांगलीहून गर्द हिरव्या रंगाचा, जरीनं भरलेला जोडा, म्हणजे नवरीचा पोशाख, आणला होता. बायका कौतुकानं हात फिरवत होत्या. मी बघितलं, चाचांची बोटं खिशाकडे चालली होती. मी डोळ्यांनी 'नको' म्हटलं. त्यांनी रुमाल काढला नाही, एवढं माझं ऐकलं. त्यांनी सरळ ओढणी उचलली, हात धुवायच्या जागेकडे गेले आणि भर मांडवात बादलीत बुडवली. पाणी कोथिंबिरीच्या चटणीसारखं झालं. चाचांनी बादली उचलून विहीणबाईंसमोर आणली आणि म्हणाले, "पाणी खोटं बोलत न्हाई, आपा. हे माझ्या पोरीच्या अंगाला लागलं आसतं."

लग्न झालं, कारण मुलगा ठाम होता. पण माणसं तुटली ती तुटलीच. शबाना त्यानंतर माहेरी आली ती दोनदा, तीही सकाळी येऊन संध्याकाळी परत. पहिलं बाळंतपण माहेरी करतात म्हणून सातव्या महिन्यात चाचांनी फोन लावला. मी तिथंच बसलो होतो आणि चाचा फोन नेहमी मोठ्या आवाजावर ठेवतात. विहीणबाई म्हणाल्या, "तुमचा काय भरवसा वो, नातवालाबी बादलीत बुडवून बगशिला." चाचा हसले. अगदी खळखळून हसले. मग सुईत दोरा ओवायला बसले आणि तो त्यांना बराच वेळ ओवता येईना. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला. एका रंगासाठी स्वतःची मुलगी कोण गमावतं?

सांगलीत मुलगा झाल्याचा निरोप आला. छटीला, म्हणजे सहाव्या दिवसाच्या कार्यक्रमाला या, एवढं कोरडं बोलावणं. त्या दिवसापासून चाचा आळीतल्या दारोदार जुन्या सुती साड्या मागत सुटले. "नेसून नेसून मऊ पडलेली द्या. रंग इटलेला आसला तरी चालंल." तान्ह्या बाळाला जुन्या धुवट कापडाची झबली घालायची आपली रीतच आहे, त्यामुळे कुणी नवल केलं नाही. पलीकडच्या कांबळे आजींकडे मात्र त्यांनी नेमकी पांढरी साडी मागितली. आजी ती बुद्धपौर्णिमेला विहारात नेसतात.

"येवडी वर्सं समद्यांची लुगडी घासली," आजी म्हणाल्या, "माज्या साडीला कवा हात लावला न्हाई तुमी."

"तिच्यात घासायला हायच काय, आजी?"

आजींनी आत जाऊन साडी आणून दिली.

चाचांनी ते सगळं कापड उकळलं, धुतलं, पुन्हा उकळलं. बिनवासाचा साबण. सुनंदानं झबली शिवली. चाचा शेजारी बसून एकच सांगत होते, "वैनी, शिवण भायेरच्या अंगाला ठिवा. आत टोचंल त्याला."

छटीच्या सकाळी आम्ही दोघं पॅसेंजरनं सांगलीला निघालो. गाडीत त्यांनी मला खरी भीती सांगितली. बाळाच्या फुपीनं, म्हणजे आत्यानं, जांभळ्या मखमलीचा नवा जोडा आणला होता. शबानानं चोरून फोनवर सांगितलं होतं. दुपारी तोच घालणार. "त्याच्या आदी आपलं पोचाय पायजे, मास्तर."

पोचलो. घर पाहुण्यांनी भरलेलं. माहेरहून येणारा आहेर म्हणजे नवे कपडे, चांदीचा करगोटा. बायका पुढं सरकल्या. विहीणबाईंनी गाठोडं सोडलं आणि त्यातून निघाली धुवट, फिकी, ठिकठिकाणी विरलेली सोळा झबली. कुणीतरी हसलं. विहीणबाईंचा चेहरा उतरला. "आवं, बोहारीण बी घ्याची न्हाई ह्या चिंध्या. आमचा किती आपमान करणार तुमी?"

मला वाटलं, आता हे पाण्याचं वाक्य म्हणणार आणि आपल्याला परतीची चारची गाडी मिळेपर्यंत स्टेशनवर बसायची वेळ येणार. पण चाचा खाली बसले.

"आपा, आपमान न्हाई. मी भ्यालोय," ते म्हणाले. "शबू दोन वर्साची हुती. ईदीचा आदला दिवस. मीच फ्राक रंगवला. गुलाबी. लय गर्द पायजे हुता मला, आळीत तसा कुनाचाच नको. रंग नवा, सस्तातला. सकाळी ईद, म्हणून धुतला बी न्हाई नीट, दमटच घातला. दोपारपतूर पोरीची मान, काखा, पोट, समदं फोडांनी भरलं. मिरजंला दवाखान्यात आट दिस हुती. हिच्या आईनं आळीत सांगितलं, कांजिण्या आल्यात. माझा धंदा बुडू नये म्हणून. मेली तवर कुनाला बोलली न्हाई ती."

ते माझ्याकडे बघेनात, कुणाकडेच बघेनात. मी चौदा वर्षांचा शेजारी. मी या माणसाला हसलो होतो, त्याची नक्कल करून स्टाफरूममध्ये टाळ्या घेतल्या होत्या. मला माझीच लाज वाटली.

विहीणबाई हातात एक पांढरं झबलं धरून उभ्याच होत्या. त्यांनी ते उलटं केलं, सुलटं केलं, बाहेर काढलेल्या शिवणीवरून बोट फिरवलं. "हे मांडवात सांगायचं न्हाई व्हय," त्या म्हणाल्या. आवाजात राग होता, पण कुणावर ते त्यांनाही कळलं नसावं.

आतल्या खोलीच्या दारात शबाना उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. सासूच्या हातातलं ते पांढरं झबलं घेऊन ती आत गेली आणि बाळाला घालून बाहेर आली. ती बाळ पुढं करायला लागली तसे चाचा उठले आणि मागं सरकत भिंतीला टेकले. दोन्ही हात पाठीमागं.

"मी बगतो हितनंच. माझं हात रंगाऱ्याचं."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की आमच्या आळीतली सगळी पोरं चाचांच्या दुकानात खेळून मोठी झाली, पण यांनी एकालाही कधी उचलून घेतलेलं मी पाहिलं नव्हतं.

"अब्बा, हात पुढं करा," शबाना म्हणाली. ती रडत होती, पण आवाज शाळेतल्या बाईंसारखा होता. चाचांनी हात पुढं केले. तिनं बाळ त्यात ठेवलं.

चाचा ताठ उभे. श्वाससुद्धा जपून घेत होते. बाळ झोपलेलंच होतं. थोड्या वेळानं त्यांनी मान न हलवता, अगदी हळू आवाजात मला विचारलं, "मास्तर, किती येळ धरायचं आसतं?"

एवढी वर्षं माझा गोंधळ उडवणाऱ्या माणसाच्या या एका प्रश्नाचं उत्तर मात्र मला येत होतं. मी म्हटलं, "रडेपर्यंत."

बाळ काही रडलं नाही. आमची चारची गाडी चुकली.