सतरा हत्यारं आणि एक सायकल

खरं तर हे मी कुणालाही सांगायचं नाही, असं घरात ठरलंय. बाबांनी बजावलं, आईनेही बजावलं. फक्त दोघांनी एकमेकांपासून लपवायला सांगितलेल्या गोष्टी वेगवेगळ्या होत्या. मी मुळातच कमी बोलते, त्यामुळे माझ्यापाशी गुपित म्हणजे तिजोरीत, अशी दोघांची समजूत आहे. (लिहू नकोस, असं मात्र कुणीच म्हणालं नव्हतं.)

सोमवारी आमच्या शाळेत मंद सायकल स्पर्धा होती. जो सगळ्यात शेवटी पोचेल तो जिंकतो. पाय टेकला की बाद. भाषण नाही, गाणं नाही, कुणाकडे बघायचंही नाही. जणू माझ्यासाठीच काढलेली स्पर्धा! आयुष्यात पहिल्यांदा मी आपणहून नाव दिलं. घरी मात्र ‘सायकलची शर्यत आहे’ एवढंच सांगितलं. ‘मंद’ हा शब्द मी गिळला. एकदा तो घरात शिरला असता, तर जन्मभर मलाच चिकटला असता.

आणि नेमकं रविवारी सकाळी सायकलचं उजवं पेडल दर फेऱ्याला ‘खट्’ म्हणायला लागलं. कोपऱ्यावरचा सायकलवाला आठवडाभर बाहेरगावी.

“हात्तिच्या! मी आहे ना,” बाबा म्हणाले. (बाबा कचेरीत फायली लावतात.) त्यांनी माळ्यावरून आजोबांची पेटी काढली. आजोबा म्हणजे आईचे वडील. त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं; ते गेल्यावर पेटी आमच्याकडे आली. आत सतरा हत्यारं होती. पाना, पक्कड आणि हातोडी बाबांनी झटकन ओळखली. उरलेल्या चौदांकडे ते अनोळखी पाहुण्यांकडे बघावं तसं हसून बघत राहिले.

“काही विचारायचं असेल तर...” आतून आई म्हणाली.

“तू यात पडू नकोस. ग्रीजचं काम आहे.”

“बरं.”

आईचं ते ‘बरं’ मी ओळखते. ते बरं नसतं.

बाबांची कामाची पद्धत कचेरीतली. आधी यादी, मग काम. मी वहीत हत्याराचं चित्र काढायचं, बाबा नाव सांगणार. नाव कळणार कसं?

“सोपं आहे. हत्यार कुठे बसतं ते बघायचं, फिरवायचं. जे सुटेल ते त्याचं काम!”

पद्धत बिनतोड होती. फक्त एकेक हत्यार ओळखलं, की सायकलचा एक भाग कमी व्हायचा. अकरा वाजेपर्यंत आणखी सहा ओळखून झाली, आणि सायकलला चाकं नव्हती.

“बाबा, पेडलच फक्त...”

“मुळापासून समजून घ्यावं, बाळा. वरवरची मलमपट्टी काय कामाची!”

शेवटी पाणी प्यायच्या निमित्ताने मी एक हत्यार लपवून आईकडे नेलं. चपटी पट्टी, टोकाला दोन बारीक खुंट्या. आईने भांडी विसळता विसळता तिरक्या नजरेने बघितलं.

“फ्रीव्हीलचं झाकण उघडायचं. त्यांच्या हाती लागू देऊ नकोस, सगळे छर्रे सांडतील.”

“तुला कसं माहीत?”

“दुकानात वाढले मी. तुझ्याएवढी होते तेव्हा दिवसाला चार चाकं सरळ करायचे.”

“मग सांग ना बाबांना!”

“विचारू देत की. आणि मी सांगितलं असं बोललीस, तर बघ.”

मी बाहेर आले. “बाबा, हे नको...” एवढं म्हणाले आणि नेहमीसारखा माझा आवाज बसला.

“अरे, हे तुझ्याकडे होय!” बाबांनी हत्यार घेतलं, मागच्या चाकावर बसवलं, जोर लावला. झाकण सुटलं आणि माळ तुटावी तसे छर्रे घरभर पळाले. दोन तर थेट आईच्या पायाशी.

“ओळखलं!” बाबा पलंगाखालून ओरडले. “लिही. छर्रे सांडायचं यंत्र.”

मी लिहिलं.

चार वाजेपर्यंत सतरापैकी सोळांना नावं मिळाली होती, आणि माझी सायकल चार ताटं आणि एका बादलीत होती. सतरावं हत्यार म्हणजे एक वाकडा लोखंडी आकडा होता. तो कुठेच बसेना. बाबा जमिनीवर फतकल मारून बसले आणि हळूच म्हणाले, “आईला सांगू नकोस हं. पण मला हे परत जोडता येणार नाही.”

मी बादलीत बघितलं. आयुष्यातली पहिली स्पर्धा तळाशी बसली होती. मला काय झालं कोण जाणे! शेजाऱ्यांनी खिडक्या उघडल्या एवढ्या आवाजात मी ओरडले, “आई, बाबा विचारतायत!”

(बाबांनी काहीही विचारलं नव्हतं.)

आई पदर खोचून आली. तिने यादी वाचली. ‘छर्रे सांडायचं यंत्र’ वाचताना तिचे ओठ थरथरले, पण ती हसली नाही.

“आणि हे?” बाबांनी आकडा पुढे केला.

“पेटीची कडी. तुटल्यावर आत टाकलेली.”

मग दोन तास फक्त आईचा आवाज. “हे द्या. ते नव्हे, ते.” बाबा मुकाट्याने देत होते. तिने प्रत्येक छर्रा पुसला, चाकं सरळ केली, तेल घातलं. “शर्यत आहे ना? मग बघच,” म्हणत तिने चाकाला बोट लावलं. आमचा चहा पिऊन झाला तरी चाक फिरतच होतं.

तेव्हाच तो ‘मंद’ शब्द सांगायला हवा होता. पण दिवसातून एकदाच ओरडायची माझी ताकद संपली होती.

सोमवारी शिट्टी वाजली. मी पेडल मारलंसुद्धा नाही, नुसती बसले. सायकल निघाली. ब्रेक दाबले. (ब्रेक तेवढे आईने मोठ्या मनाने बाबांना लावू दिले होते.) बाकीच्या मुली अजून सुरुवातीलाच डुगडुगत होत्या आणि मी रेषेपार, फुलझाडांच्या वाफ्यात.

“पहिली! माझी पोरगी पहिली!” बाबा खुर्चीवर उभे राहून टाळ्या पिटत होते. आई डोळे पुसत होती. खेळाच्या सरांनी माईक आणून माझ्या हातात दिला. “तूच सांग त्यांना, कितवी आलीस ते.”

मी माईक तोंडाशी धरला.

“बाविसावी,” मी म्हणाले. “बाविसांत.”

बाबा खाली उतरले आणि आईला म्हणाले, “वाफ्यात शिरली म्हणून शेवटचा नंबर दिला असणार. तरी मी म्हणत होतो, तेल जास्त झालं.”

पण मी हार मानणार नाही. पुढच्या वर्षी पुन्हा नाव देणार. आत्तासुद्धा दोघं अंगणात सायकल उलटी करून बसलेत, ती आणखी वेगवान करायला. आता हे पान संपलं की मी सरळ बाहेर जाणार, दोघांसमोर उभी राहणार आणि मोठ्याने, स्पष्ट, एका दमात सांगणार आहे, की आई, बाबा, ती शर्यत मुळात

“अगं ए, वही घेऊन ये! नवीन हत्यार सापडलंय!”

आले, बाबा!