आठ ॐ

उंदराने स्पीकर खाल्ला हे जीवरामनानांना बुधवारी सकाळी कळलं, आणि पुढच्या पाच मिनिटांत ते भुसावळच्या त्या अख्ख्या गल्लीला कळलं. रेल्वेच्या सिग्नल खात्यात पस्तीस वर्षं काढलेल्या नानांना हळू बोलणं कधी जमलंच नव्हतं.

"मांजर पाळ म्हनलं तर शिंका येतात तुले! आता उंदरं पाळ! त्याईले ताट वाढ!"

"ताट तुम्हीच वाढलं," नानीबाई लसूण सोलता सोलता म्हणाल्या. "मागच्या वर्षी स्पीकरचा कागद फाटला तेव्हा मैद्याची खळ कोनं लावली? मी म्हनलं होतं, नवा आना."

हे खरं होतं, त्यामुळे नाना आणखी भडकले. चूक दुसऱ्याची असली की ते नुसते ओरडत. स्वतःची असली की वस्तू आपटत. त्यांनी पक्कड आपटली.

त्यांची हवाईन गिटार मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून पोलादी दांडी फिरवत वाजवायची. ती ज्या पेटीतून गायची तो व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर, रेल्वे कॉलनी सोडून गेलेल्या एका इंजिन ड्रायव्हरकडून नानांनी तरुणपणी घेतला होता. बटण दाबलं की व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबायचं, मगच आवाज. घरात नानांनी कशासाठी वाट बघितली असेल तर ती या एका पेटीसाठी.

आणि रविवारी ती हवीच होती. भुसावळच्या जुन्या ऑर्केस्ट्रावाल्यांचा मेळावा होता. बारा वर्षांपूर्वी अशाच मेळाव्यात त्यांचा गायक मित्र सुकलाल गाणं अर्धवट टाकून स्टेजवरून उतरला होता. "तू बठ्ठा आवाज गिळी टाकस," गिटारीखाली आपला सगळा आवाज बुडतो एवढंच सांगून त्याने शिरपूरची गाडी धरली. तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं. चूक अर्थात सुकलालचीच होती, असं नाना बारा वर्षं सगळ्यांना सांगत आले होते. आता सुकलालच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं, आणि त्याने मेळावा भरवणाऱ्या प्रकाशकडे निरोप धाडला होता की एकच गाणं म्हणेन, पण गिटारवर जीवराम पाहिजे. निरोप ऐकून नाना रात्रभर झोपले नव्हते. सकाळी ते कबूल करायचं सोडून उशी कडक आहे म्हणून भांडले होते.

"नाना, पेटी राहू द्या," प्रकाशने फोनवर सुचवलं. "गिटार सरळ आपल्या मिक्सरला लावू."

"मिक्सरमधी चटनी करतात!" नानांनी फोन ठेवला.

जळगावला पारसमलच्या दुकानातून नवा स्पीकर मागवायचा ठरला. नानांचे गुडघे जिन्यालाही राजी नव्हते, त्यामुळे चिठ्ठी पाठवायची आणि माल कालीपिली जीपमधून यायचा. पण कुठलाही स्पीकर चालणार नव्हता. प्रत्येक स्पीकरचा विरोध ठरलेला असतो आणि तो ओहममध्ये मोजतात. नानांच्या पेटीला आठ ओहमचाच लागे. कमी ओहमचा लावला तर आतला ट्रान्सफॉर्मर जळणार, आणि तसला ट्रान्सफॉर्मर आता कुठे मिळत नव्हता. कारागीर मंडळी ओहमला ओमच म्हणतात. नानाही म्हणत.

त्यांचे दोन्ही हात पेटीत होते, चष्मा कपाळावर होता. ते ओरडले, "लिही! बारा इंची स्पीकर, एक!"

"लिहिलं."

"आठ ओम!"

नानीबाई थबकल्या. "आठ?"

"आठ! कानात काय खळ भरली का?"

नानीबाईंनी निमूटपणे, आदराने, नीट वळण देऊन लिहिलं: 'ॐ, आठ.' मग चिठ्ठीचा फोटो काढून पारसमलला पाठवून दिला.

दुपारी पारसमलचा फोन आला. माणूस सज्जन. आजोबा मारवाडातून आले तेव्हापासूनचं दुकान. रेडिओची गिऱ्हाइकं संपल्यावर त्याने रिमोट, चार्जर आणि काय काय ठेवायला सुरुवात केली होती.

"जीवरामभाऊ, चिठ्ठी भेटली. बारा इंची स्पीकर एक, ठीक. पन ॐ आठ पाहिजे?"

"आठच!"

"जास्ती नाही होत? लोक एक नेतात. घर मोठं असलं तर दोन."

"दोन ओम लावले तर पेटी जळून खाक होईल माझी!"

"अरे राम राम! ॐने कशी जळेल?"

"कमी पडले की जळते! दुकानात बसतो का झोपतो तू? चाळीस वर्षं मी आठवरच चालवली. आठाचे चार झाले तर जळगावले येऊन तुह्या गादीवर बसीन!"

पारसमलने वहीत आठाचा आकडा मांडला. मग फार मायेने म्हणाला, "नाही भाऊ, बरोबर आहे. या वयात माणसाला आधार लागतोच."

"वयाचा काय संबंध?"

"काही नाही, काही नाही. आठ पाठवतो."

शुक्रवारी संध्याकाळी कालीपिलीवाल्याने दोन खोकी आणून टाकली. पहिल्यात बारा इंची स्पीकर होता. नानांनी तो उलटा केला, चष्मा लावला आणि मागचा आकडा वाचला. चार. लग्नाच्या वरातीत टेम्पोला लावतात तसला, चार ओहमचा. चिठ्ठीत ओहमचा आकडाच न दिसल्याने पारसमलने हाताला लागला तो दिला होता. दुसऱ्या खोक्यात आठ भगव्या डब्या होत्या. नानांना काही उमगेना. त्यांनी सगळ्या एक्स्टेन्शन बोर्डाला लावल्या आणि बटण दाबलं.

आठही डब्या एकदम ॐ म्हणू लागल्या. एकीचा स्वर दुसरीशी जुळत नव्हता. दोन घाईत होत्या, एक मागे राहिली होती, आणि सगळ्यांतून लाल निळे दिवे लुकलुकत होते. शेजारची दीपमाला चपला बाहेर काढून, हात जोडून आत आली.

"नाना, सप्ताह बसवला का? सांगितलं नाही. प्रसाद किती वाजता हाये?"

नाना तिला जे म्हणाले ते लिहिण्यासारखं नाही. ती चपला हातात घेऊनच गेली.

मग नानांनी चिठ्ठी पाहिली. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून नानीबाईंनी आधी चहाचा कप उचलून आत नेला.

"ओहम! ओहम म्हनलं मी!"

"तुम्ही ओम म्हनले. मले वाटलं, बुद्धी झाली."

नानांनी फोन लावून ओहमचा आकडा ओरडून सांगितला, पण पारसमल धुळ्याला लग्नात होता. मागे बँड वाजत होता. "आठच मागितले ना भाऊ? दुकान आता सोमवारी उघडेल," एवढं ऐकू आलं आणि फोन कटला. शनिवारी नाना दुखऱ्या गुडघ्यांनी भुसावळचा सगळा बाजार फिरले. एकाने त्यांना ब्लूटूथचा डबा दाखवला. दुसऱ्याने विचारलं, "ओहम कोणती कंपनी?" तिसऱ्याने पेटी भंगारात घेण्याची तयारी दाखवली. त्या दुकानातून नानांना दोघांनी धरून बाहेर आणलं.

घरी आले तेव्हा नानीबाईंनी एक डबी देवापुढे लावली होती. नानांनी वायर उपटली, डबी उचलली आणि भिंतीवर आपटली. डबी फुटून आतला वाटीएवढा स्पीकर घरंगळत नानीबाईंच्या पायाशी गेला.

"देवाची वस्तू आपटतात का?" म्हणत त्यांनी तो उचलला. "यावरही आकडा हाये बरं. चार."

नाना तोंड उघडून काहीतरी भयंकर बोलणार होते. पण नजर त्या आकड्यावर अडली. त्यांनी कॅलेंडरची मागची बाजू घेतली आणि पेन्सिलीने रेघा ओढल्या. चार स्पीकर एकामागे एक जोडले की चार चोक सोळा. तशीच दुसरी रांग, सोळा. दोन्ही रांगा शेजारी शेजारी जोडल्या की विरोध निम्मा होतो.

आठ.

"म्हंजे आठ ॐच लागत होते ना?" नानीबाईंनी विचारलं.

"तू बोलू नको!" नाना गरजले. पण उरलेल्या डब्या त्यांनी पेचकसाने, हळूच उघडल्या.

रविवारी पेटीच्या तोंडावर प्लायवूडची फळी होती आणि फळीत आठ छोटे स्पीकर. एकच अडचण होती. एवढेसे स्पीकर, आवाज वाढवला की फाटणार. चाळीस वर्षं ज्या बटणाला नानांनी नऊच्या खाली येऊ दिलं नव्हतं, ते त्यांना तीनवर ठेवावं लागलं. या अपमानाने ते स्टेजवर लालबुंद होऊन बसले होते.

सुकलाल मुलाचा हात धरून वर आला. अंगात काही उरलंच नव्हतं. त्याने नानांकडे पाहिलं नाही, नानांनीही त्याच्याकडे पाहिलं नाही. व्हॉल्व्ह तापले. नानांनी दांडी तारेवर ठेवली, आणि गिटार शेजारच्या खोलीतून यावी तशी बारीक वाजली. सुकलालने गायला सुरुवात केली. आवाज पातळ झाला होता, जागोजागी थरथरत होता, पण शेवटच्या खुर्चीपर्यंत शब्द न् शब्द पोचत होता. कडव्याच्या मध्ये तो श्वास घ्यायला थांबे, तेवढी जागा गिटार हळूच भरून काढी.

गाणं संपल्यावर सुकलाल वळला. डोळे पुसायला त्याने रुमालही काढला नाही.

"जीवराम, चाळीस वरीसमा पहिल्यांदा मना आवाज माले ऐकू उना रे."

नानांना तो आवाज किती गोड आहे हेही आजच कळलं होतं. त्यांना भयंकर राग आला. सवयीने त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. पारसमल नव्हता, उंदीर नव्हता, नानीबाई पहिल्या रांगेत पदराने डोळे टिपत होत्या. रागवायला एकच माणूस सापडत होता, आणि तो गिटार मांडीवर घेऊन बसला होता.

"ती शिरपूरची गाडी मी अडवायला पाहिजे होती," नाना म्हणाले. त्यांच्या आयुष्यातलं हे सगळ्यात हळू बोललेलं वाक्य होतं. सुकलालने खुर्ची ओढली आणि त्यांच्या शेजारी बसला.

सोमवारी सकाळी पारसमलचा घाबरत घाबरत फोन आला. "भाऊ, डब्या परत पाठवा. स्पीकर आठ ओहमचा शोधला मी."

"तो राहू दे तुह्याकडे. दोन डब्यांचे कागद फाटले, जास्तीच्या लागतील. चिठ्ठी पाठवतो."

नानीबाई कागद घेऊन आल्या, पण नानांनी पेन त्यांच्या हातातून काढून घेतलं. चष्मा लावला आणि नीट वळण देऊन स्वतः लिहिलं: 'ॐ, आठ.'