समोरच्याच्या डोळ्यांत

दिव्यांच्या बाबतीत मला कुणी काही शिकवू नये, असं माझं ठाम मत होतं. आमच्या गावच्या नाटक मंडळात अर्धं आयुष्य मी दिवे सांभाळले. नायिकेच्या नाकावर उजेड पाडायचा म्हटलं, की तो नाकावरच पडायचा, गालावर सांडायचा नाही.

त्यामुळे मुलीच्या लग्नासाठी मोटरहोम घेऊन आम्ही फ्रान्सला निघालो, तेव्हा हेडलाइटवर लावायचे दोन स्टिकर मी बोटीत चढण्याआधी धक्क्यावरच चिकटवून टाकले. आमच्याकडे गाड्या डाव्या बाजूनं चालतात, म्हणून दिवे डावीकडची कड उजळतात. पलीकडे गेलं की रस्त्याची बाजू बदलते आणि तोच उजेड समोरच्याच्या डोळ्यांत घुसतो. तो अडवायला हे स्टिकर.

"हम्फ्री, पाकिटात कागद आहे, त्यावर चित्रं आहेत. निदान बघ तरी," माझी बायको ग्लेनिस म्हणाली.

"चित्रं ज्याला कळत नाही त्याच्यासाठी असतात."

 ग्लेनिसचं सगळं लक्ष लग्नाच्या केकवर होतं. रममध्ये मुरवलेला तीन मजली फ्रूटकेक तिनं मागच्या पलंगावर पट्ट्यांनी बांधून ठेवला होता, एखाद्या आजारी मामंजींना न्यावं तसा. त्या संध्याकाळी ब्रिटनी प्रांतात नवरदेव मालोच्या घरच्यांच्या शेतावर जेवण होतं. दोन्ही घरं पहिल्यांदाच भेटणार होती. आमच्या नेरिसनं फोनवर बजावलं होतं, "डॅड, मालोच्या आईला तू आवडायला हवास. शहाण्यासारखा वाग."

दिवस मावळताना आम्ही शेवटच्या रस्त्याला लागलो. मी दिवे लावले. समोरून पहिली गाडी आली आणि तिनं दिव्यांची उघडझाप केली.

"बघ, किती अगत्यशील लोक आहेत," मी म्हणालो आणि मीही उघडझाप केली.

मग दुसरी आली. तिचीही उघडझाप. तिसरीनं भोंगासुद्धा वाजवला. ग्लेनिस प्रत्येकाला हात हलवत होती. एका म्हाताऱ्यानं काच खाली करून मूठ दाखवली.

"हा काय दाखवतोय?" ग्लेनिसनं विचारलं.

"मूठ घट्ट आवळलीय. एकीचं प्रतीक असेल."

आमच्या देशातल्या माणसांना असं जमत नाही, या विषयावर मी तिला बरंच ऐकवलं. त्या नादात शेताकडचं वळण मागे पडलं. पुढच्या गावात पोचल्यावर ते लक्षात आलं. गाडी वळवायला मी चर्चपुढच्या पटांगणात शिरलो आणि समोरच्या पांढऱ्या भिंतीवर माझे दोन्ही उजेड पडले. एक थेट मनोऱ्यावरच्या घड्याळात. दुसरा डाव्या हाताला, माणसाच्या तोंडाच्या उंचीवर.

ग्लेनिसनं भिंतीकडे बोट केलं.

"हम्फ्री, ते लोक हाय म्हणत नव्हते."

मी खाली उतरलो. धक्क्यावर गाडीकडे तोंड करून उभा असताना मी माझा डावा तोच गाडीचा डावा धरला होता. शिवाय एक स्टिकर उलटा. आता ते काढायचे, तर काचेच्या उष्णतेनं असे बसले होते की नख मोडलं, पण कोपरा सुटला नाही. शेवटी हत्यारांच्या पेटीतून काळी चिकटपट्टी काढली आणि काचा जवळजवळ झाकून टाकल्या. देव्हाऱ्यातल्या समईएवढा उजेड उरला. त्यात रांगत रांगत आम्ही शेतावर पोचलो. गाडी मी मुद्दाम गोठ्याच्या मागे लावली.

उशीर झाला होता, पण मालोची आई, मादाम केर्ब्रा, दारात येऊन आम्हाला दोन्ही गालांना गाल लावून भेटल्या. त्यांचे डोळे लाल झाले होते. मला वाटलं, मुलाच्या लग्नानं गहिवरल्या असतील. आत टेबलाभोवती सगळेच डोळे चोळत होते. ग्लेनिसचा भाऊ इद्रिस त्याच्या छोट्या गाडीतून आधीच पोचला होता आणि चेहऱ्यावर कमालीचा आनंद घेऊन बसला होता.

"काय बोलतायत ते?" मी नेरिसला विचारलं.

"रस्त्यात कुणीतरी वेडा भेटला म्हणे. यान काकांची गाडी खंदकात जाता जाता वाचली. मादामला अजून हिरवे ठिपके दिसतायत. आणि वर तो दिवे मिचकावून चिडवत होता."

"आणि बाजूला एक बाई," इद्रिसनं भर घातली, "हात हलवून हसत होती."

ग्लेनिसनं नॅपकिन तोंडाला लावला. टेबलाच्या टोकाला यान काका मूठ आवळून सगळं वर्णन करून सांगत होते. ती मूठ मी ओळखली.

"फार वाईट," मी म्हणालो. "अशांचे परवाने काढून घ्यायला हवेत." नेरिसनं ते सांगितलं आणि यान काकांनी उठून माझ्याशी हात मिळवला.

सगळं तिथंच निभावलं असतं. पण मादामला केक बघायचा होता.

"मी आणतो," मी खुर्ची मागे सारून म्हणालो. "एकटाच."

"तीन मजली केक एकट्यानं?" नेरिस म्हणाली. "चला रे सगळे."

अख्खं घराणं माझ्यामागून गोठ्याकडे निघालं. अंगणात अंधार होता. कुणीतरी शेणात पाय घातला.

"हम्फ्री," इद्रिस अत्यंत प्रेमानं म्हणाला, "तुझे दिवे लाव की. लोक ठेचकाळतायत."

नाही म्हणायला कारण सुचेना. मी आत चढलो आणि बटण दाबलं. दवानं चिकटपट्टी केव्हाच सुटून लोंबत होती. उजेड सरळ त्यांच्या तोंडांवर गेला आणि सगळ्यांनी एकदम, एकाच बाजूला मान फिरवून, कोपर डोळ्यांवर घेतलं. सराव झाला होता त्यांचा.

 गोठ्यात एक गाय हंबरली. मग कोपराआडून यान काकांचा आवाज आला. दोनच शब्द होते, नेरिसनं भाषांतर करायचीही गरज नव्हती. "हाच तो."

मी दिवे विझवले आणि आयुष्यात पहिल्यांदा अंधारात सुखरूप वाटलं. तेवढ्यात कुणीतरी फिसकन हसलं. मादाम केर्ब्रा गव्हाणीच्या काठावर बसल्या होत्या आणि पोट धरून हसत होत्या. मग मालो हसला, मग यान काका. हसता हसता ते मला मिठी मारून काहीतरी बराच वेळ बोलले.

"काय म्हणतायत?"

"ते भाषांतर करण्यासारखं नाहीये, डॅड."

"इद्रिस," केक उचलताना मी हळूच विचारलं, "तू कुठले स्टिकर लावलेस?"

"माझ्या गाडीत बटण आहे. दाबलं की झालं."

केक शाबूत पोचला. ग्लेनिसची रम मुलाकडच्यांना इतकी आवडली की वरचा मजला त्या संध्याकाळीच संपला आणि लग्नात दुमजलीच कापावा लागला.

दुसऱ्या दिवशी मेजवानीत मुलीचा बाप म्हणून मी चार शब्द बोलायला उभा राहिलो. घसा साफ केला. मुलाकडचे सगळेच्या सगळे, नव्वदीच्या आजीसकट, शांतपणे उठले, खिशांतून आणि पर्समधून काळे चष्मे काढले, घातले आणि पुन्हा बसले.

त्याच क्षणाचा फोटो आता आमच्या दिवाणखान्यात लावलाय. सगळे ऐटीत दिसतात. फक्त माझे डोळे मिटलेले आहेत. फोटोवाल्याचा फ्लॅश थेट माझ्या तोंडावर पडला होता.