घंटेच्या घोडीमागे गेलेल्या हलक्या फौजेची हकीकत

श्री. जो खिंडीखिंडीतून वारा सोडतो, खेचरांच्या पायांस वाट दाखवतो आणि रांगत्या लेकरांचा हात चुलीपासून मागे ओढतो, तो देव कोणत्याही मुलखाचा असो, त्यास दंडवत घालून ही हकीकत लिहिली. शके अठराशे बासष्ट, विक्रमनाम संवत्सरे, मार्गशीर्षमासी एका डोंगरी दौलतीत (दौलतीचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही, आता तिला कोणी ओळख देत नाही) ऐसे वर्तमान जाहले जे, मिठाच्या घाटाखालील गावी क्रेसेन्सबाई नामे वडीलधाऱ्या बाई होत्या, त्यांनी सून वाल्बुर्गाबाई यांस दारातच बजावले, "सूनबाई, घोडी देऊ नकोस. घोडीमागे खेचरं जातील आणि खेचरांमागे आपली माणसं." वाल्बुर्गाबाई चार पुस्तके वाचलेल्या, त्या हसून बोलल्या, "सासूबाई, एक म्हातारी घोडी तर मागतायत. माणसं मागितली की बघू." आणि स्वहस्ते दावे सोडून दिले.

मागणारे कोण म्हणाल, तर खासा सरकार. सरकारी मसलत ऐसी ठरली जे, जड फौजांचे गाडे डोंगरात रुततात, तेव्हा एक हलकी फौज उभारावी, तिजजवळ गाडा म्हणून नसावा, तोफासुद्धा सुट्या करून खेचरांच्या पाठीवर वाहाव्या, आणि शिपायांनी टोपीस हिरवी डहाळी खोवून हरणांसारखे कडे चढावे. या फौजेवर सरलष्कर गेब्हार्टराव यांची नेमणूक जाहली. राव अंगाने काटक, मिशीने भारदस्त आणि कायद्यास ऐसे पक्के की लेखी हुकुमावाचून शिंकही आवरून धरीत. परंतु खेचरांचा रिवाज रावांस ठाऊक नव्हता. खेचर माणसाचे ऐकत नाही, ते घोडीचे ऐकते. तांड्यापुढे गळ्यात घंटा बांधलेली जुनी घोडी चालते, ती चालली तर तांडा चालतो, ती थांबली तर तोफेचा बार काढला तरी हलत नाही. घाटातील ऐसी घोडी एकच, वाल्बुर्गाबाईंची लीझल. ती फौजेत दाखल जाहली त्याच दिवशी गावोगावची खेचरे दावी तोडून तिच्यामागे गेली, आणि मग सरकारने विचार केला जे खेचरे आली तर हाकणारेही असावे, म्हणून त्यांचे धनीही भरती केले. त्यांत वाल्बुर्गाबाईंचे यजमान फ्लोरिअनराव गेले. सासूबाईंनी त्या दिवशी भांडी जरा जोराने घासली.

मग फौज कूच करून पूर्वेस गेली आणि तेथून दक्षिणेच्या डोंगरांत उतरली, आणि रावांनी हुकूम केला जे, शत्रूस चाहूल लागू नये म्हणून घोडीच्या घंटेत लोकर कोंबावी. लोकर कोंबली, आणि अवघी खेचरे जागच्या जागी उभी राहून गवत खाऊ लागली. राव लाल जाहले. फ्लोरिअनराव अदबीने बोलले, "साहेब, यांना घंटा ऐकू आली नाही, म्हणजे यांच्या लेखी आज सुट्टी आहे." तेव्हा लोकर काढली, आणि फौज घण घण करीत चालली, आणि तो नाद कोसभर आधी पुढे जाई, आणि तो ऐकून शत्रू खाटा-मडकी घेऊन रानात निघून जाई, आणि फौज पोहोचावी तो गाव मोकळे. रावांनी वर कळवले, "आमचे नाव ऐकूनच शत्रू पळतो." वरून पदक आले. खेचरवाले खोगिरांआड तोंडे लपवून हसले.

परंतु मोकळ्या गावांत पुढे काय जाहले तेही लिहिले पाहिजे, ते झाकले तर ही बखर नव्हे, जाहिरात. फौजेने तेथील कोठारे नेली, घरांस आगी लावल्या, आणि ज्यांस पळता आले नाही त्यांस सोडले नाही. फ्लोरिअनराव चौथ्या साली रजेवर आले तेव्हा ताटावर बसून राहिले. बाईंनी विचारले, "अहो, जेवत का नाही?" ते बोलले, "एका घरात पाळणा होता. रिकामा. अजून हलत होता." ते परत गेले, आणि पुढील साली वाल्बुर्गाबाईंस पुत्ररत्न जाहले, आणि बाई रात्रंदिवस त्याच्या श्वासाकडे कान लावून बसू लागल्या. सासूबाई म्हणत, "अगं, पोर आहे ते, चोर नाही. इतका पहारा कशाला?"

मग ज्या फौजा पुढे गेल्या त्या मागे येऊ लागल्या, आणि शके अठराशे सदुसष्टचे चैत्रमासी हलकी फौज मागे सरत सरत आपल्याच मिठाच्या घाटावर आली. तेव्हा राजधानीचा हुकूम आला जे, खिंड शेवटल्या माणसापर्यंत लढवावी, खालचे गाव उडाले तरी चिंता नाही, आणि जो पाठ फिरवील त्यास झाडास टांगावे. रावांनी हुकुमाची घडी करून खिशात ठेवली आणि तोफा मांडण्यास सांगितले. हे वर्तमान गावात पोहोचले. वर यजमान, खाली लेकरू, आणि मध्ये तोफा. त्या सासूबाईंस बोलल्या, "आता काय करू?" क्रेसेन्सबाई चुलीतली लाकडे सारखी करीत बोलल्या, "जाताना घोडीमागे गेले ना? मग येतानाही तिच्यामागेच येतील. मीठ घेऊन जा. आणि पोराला टोपडं घाल, वर गार आहे."

बाईंनी ओच्यात मीठ घेतले, लेकरू पाठीशी बांधले आणि भर दिवसा घाट चढून गेल्या. पहारेकऱ्याने हटकले तर म्हणाल्या, "बापाने पोर अजून पाहिलं नाही, तेवढं दाखवते." फ्लोरिअनराव धावत आले. "अगं, इथं कशाला आलीस? तेही याला घेऊन?"

"मग कुणाकडे ठेवू? सासूबाई दिवसभर साखरेचं पाणी पाजतात."

"डोळे तुझ्यावर गेलेत."

"नाक तुमचं आहे, त्याला इलाज नाही. लीझल कुठंय?"

घोडी खडकाआड उभी होती. बाईंनी मीठ पुढे केले, तिने चाटले, आणि बाई खाली चालू लागल्या. घोडी मागे निघाली. घंटा वाजली. मग खेचरे निघाली, कोणाच्या पाठीवर तोफेची नळी, कोणाच्या पाठीवर गोळे, कोणाच्या पाठीवर मुदपाकाचा हंडा. मग खेचरवाले निघाले, कारण खेचर हरवील त्यास सजा ऐसा फौजेचा कायदाच होता. गोलंदाज निघाले, कारण तोफेपासून दूर होऊ नये ऐसाही कायदा होता. मुदपाकी हंड्यामागे निघाले. आणि राहिलेले हिरव्या डहाळीचे शिपाई एकमेकांकडे पाहून बोलले, "जेवण खाली चाललंय, आपण वर काय करतोय?" आणि तेही निघाले. पाठ कोणीच फिरवली नाही, जो तो आपल्या कामामागे गेला. वाल्बुर्गाबाईंनी मागे वळून पाहिले नाही. मागे गोळी सुटते की काय या धास्तीने त्यांनी लेकरू पाठीवरून सोडून पोटाशी धरले होते. घाट उतरला तेव्हा फ्लोरिअनरावांनी लेकरू आपल्याकडे घेतले, ते आजतागायत त्यांच्याच खांद्यावर आहे.

या समयी राव पुढल्या कड्यावर दुर्बीण लावून शत्रूची वाट पाहत होते. वळून पाहतात तो खिंडीत एक खोगीर आणि वारा. शत्रू खालच्या सडकेने आला, त्याने गोठ्यात रचलेल्या तोफा पाहिल्या, हिरव्या डहाळीच्या शिपायांस काही दिवस कोंडून सोडून दिले आणि पुढे गेला. गावातले एक कौलही हलले नाही. फ्लोरिअनराव खिंडीखाली जाऊन ओरडले, "साहेब, लढाई संपली, खाली या." वरून उत्तर आले, "लेखी हुकूम आण." परंतु हुकूम लिहिणारी दौलतच उरली नव्हती, तर लेखी आणावे कोठून?

येणेप्रमाणे हलकी फौज उभी राहिली, सव्वाचार वर्षे घोडीमागे फिरली, परक्या घरांस दुःख देऊन आली आणि अखेर आपल्या घरी सुखरूप उतरली. हकीकत संपली, परंतु वाल्बुर्गाबाईंचा जीव लागत नाही. सरलष्कर राव अद्याप वर खिंडीतल्या झोपडीतच आहेत. बाई एक दिवसाआड त्या झोपडीच्या पायरीच्या दगडापर्यंत सूप पोहोचवीत, परंतु आता लेकराचे दात येताहेत, त्यास ताप आहे, आणि झोपडीतून परवापासून धूर दिसला नाही. तरी वाचणाऱ्यांपैकी कोणी त्या वाटेने जाणारे असेल तर त्याने खिंडीत थोडे थांबावे, वाद घालू नये, हुकुमाची गोष्ट काढू नये. रावांच्या गळ्यात मफलर आहे का आणि पोटात काही गेले आहे का, इतके पाहून यावे.