लालासाहेबांची मोठी कात्री

मलकापूरचे लालासाहेब जगदाळे फौजेत असताना पोकलेन चालवायचे. लडाखात डोंगर फोडून रस्ते काढलेला माणूस! त्यामुळे गावी आल्यावर घेतलेल्या मिनी पोकलेनला झाडं तोडायची कात्री बसवायचं ठरलं, तेव्हा त्यांनी मिशीवर हात फिरवत बायकोला सांगितलं, "रंगू, ह्या बाबतीत आपल्याला शिकवणारा अजून जन्माला यायचाय!"

"मग मी येते संगं," रंगूबाई म्हणाल्या. इतकी वर्षं संसार केलेली बाई दुसरं काय म्हणणार?

काम आटपाडीकडच्या बिराप्पाचं होतं. त्याच्या पडीक रानात वेडी बाभूळ माजली होती. ती काढून त्याला डाळिंब लावायचं होतं.

कात्री घ्यायला दोघं सांगलीत रामगोंडा पाटलांच्या दुकानात गेले. पोकलेनची बकेट काढून तिथं बसवायची नाना अवजारं दुकानात होती. कात्र्या तर खेकड्याच्या नांग्यांसारख्या आ वासून बसलेल्या. रामगोंडा भरदार देहाचे, गोड बोलणारे गृहस्थ. आटपाडीकडच्या बिराप्पाच्या रानातल्या बाभळींचं काम ऐकून त्यांनी विचारलं, "मशीन किती टनाचं हाय हो तुमचं?"

मशीन जेमतेम तीन टनाचं. पण शेजारी मोठ्या पोकलेनचे दोन मालक कान देऊन उभे! लालासाहेब म्हणाले, "पाच!"

रंगूबाईंनी पाठीमागून करकचून चिमटा काढला.

"साडेपाच!" लालासाहेब कळवळून ओरडले.

"आणि झाडं किती जाड?"

झाडं मनगटाएवढी, फार तर मांडीएवढी. पण आता माघार कशी घ्यायची? लालासाहेबांनी मापासाठी इकडंतिकडं पाहिलं, आणि त्यांची नजर थेट रामगोंडांच्या पोटावर स्थिरावली. "एवढी!"

रामगोंडांनी पोट आत घेतलं. "बाभळीच तोडायच्यात न्हवं? का वडाचं बन हाय? माझं ऐका, ही धाकटी कात्री न्या की."

"ती? ती काय माझ्या मिशा कापायला?"

"बघा बरं का. कात्री जड झाली की मशीन पुढं लवतंय. तुमचं साडेपाच टनाचं हाय म्हणताय, म्हणून देतो."

तेव्हाच खरं सांगितलं असतं, तर ही गोष्ट इथंच संपली असती!

बिराप्पाच्या रानात मोठी कात्री चढवली आणि मशीनचं नाकच खाली गेलं. "नमस्कार करतंय रानाला," लालासाहेबांनी जमलेल्या लोकांना समजावलं. बिराप्पाच्या आत्या राहीबाई हळदीकुंकू घेऊन आल्या होत्या. त्यांना ते मनापासून पटलं.

पहिलं झाड थाटात पाडायचं म्हणून त्यांनी मेंढरांच्या पत्र्याच्या शेडजवळची सगळ्यात मोठी बाभूळ निवडली. कच्च! बुंधा एका घासात तुटला. टाळ्या पडल्या! कात्रीनं झाड उभंच्या उभं धरून ठेवलं होतं, नवरदेवानं कट्यार धरावी तसं. ते बाजूला ठेवावं म्हणून लालासाहेबांनी मशीनचा हात लांब केला.

आणि मशीनचा मागचा भाग हवेत उठला!

मशीन नाकावर, लालासाहेब सीटच्या टोकावर, आणि झाड बरोबर शेडच्या डोक्यावर. आत कालपरवा जन्मलेली कोकरं! झाड सोडावं तर शेड चपटी, आणि धरून ठेवावं तर मशीन उलटणार.

"आवं, सोडा!" रंगूबाई ओरडल्या.

"सोडू नगासा! माझी पिल्लं हायत आत!" बिराप्पा ओरडला.

लालासाहेबांनी दोन्ही दांडे गच्च धरून ठेवले. लडाखात दरीच्या कडेलासुद्धा असं झालं नव्हतं.

रंगूबाईंनी रामगोंडांना फोन लावला. ते नेमके विट्याला एका गिऱ्हाइकाकडं आले होते. मेंढरांच्या बँ-बँच्या कालव्यात रंगूबाई रडत ओरडल्या, "पाटील, तुमच्या कात्रीपायी आमचे हे लटकले वो!" आणि रेंज गेली.

इकडं बिराप्पानं डोकं चालवलं. मशीनच्या मागच्या बाजूला माती ढकलायचं रुंद पातं असतं. ते हवेत गेलं होतं. त्याला दोर बांधून सगळ्यांनी ओढलं. पातं कमरेइतकं खाली आलं आणि तिथंच अडून बसलं. "वजनदार मानसं म्होरं या!" बिराप्पानं हाळी दिली. माणसं पात्यावर चढू लागली. मशीन डुगडुगलं, पण बसेना. सगळ्यांनी राहीबाईंकडं पाहिलं.

"माझ्याकडं काय बघताय? सरका!" म्हणत त्या पात्यावर टेकल्या. धप्प! मशीन चारी अंगांनी जमिनीवर!

लालासाहेबांनी मागं वळून पाहिलं. ज्यांची नावंही त्यांना ठाऊक नव्हती अशी माणसं एकमेकांचे खांदे धरून पात्यावर दाटीवाटीनं बसली होती, त्यांच्यासाठी. हळूहळू वळवत त्यांनी झाड मोकळ्या रानात नेलं आणि अलगद ठेवलं. एक कोकरू तेवढं शेडच्या दारात येऊन "बँ" म्हणालं.

सगळे चहाला बसले असताना रामगोंडांची गाडी आली. पांढरे कपडे, रडवेला चेहरा, हातात फुलांचा हार! "वैनी, कसं झालं हो हे?" म्हणत ते उतरले आणि बशीतून चहा फुरकणाऱ्या लालासाहेबांना बघून मटकन खालीच बसले.

"तुमी... लटकलाय म्हणालत्या की ह्या!"

"मशीनवर लटकलोतो, पाटील!"

रामगोंडांनी त्यांना मिठी मारली. हार उगाच वाया नको म्हणून तो राहीबाईंच्या गळ्यात घातला. लालासाहेब त्यांच्या कानाशी पुटपुटले, "पाटील, मशीन तीन टनाचं हाय. चूक माझी."

"जीव वाचला न्हवं? बास झालं. उद्या धाकटी कात्री पाठवतो," रामगोंडा म्हणाले.

धाकटी कात्री आली. लालासाहेबांनी सगळं रान कसं लोणी कापल्यागत साफ केलं. मशीन जागचं हललं नाही. सगळी वाडी बघायला जमली होती. काम संपल्यावर ते खाली उतरले, हात जोडले आणि बोलू लागले, "मंडळी, तुमी सगळी हुता म्हणून आज मी..."

"ते ऱ्हाऊ द्या वो भावजी!" गर्दीतून राहीबाई ओरडल्या. "सकाळधरनं उभ्या हावोत आमी. मशीन उलटायचं कवा?"