पाण्याच्या जागी धनराजभाऊ

आमच्या शेजारचे धनराजभाऊ रोज सकाळी चहा झाला की पाणी व्हायचे.

परसात पाइप जाणार तिथं चुन्याच्या फक्कीनं आखलेल्या दोन रेघांमधून ते चालायला लागायचे. टाक्याच्या कडेपासून कमरेत वाकून निघायचं, कारण तिथं पाणी तळाच्या जाळीतून ओढलं जातं. पंपाची जागा आली की एकदम धाव. फिल्टरमध्ये रेती असते, म्हणून तिथं खांदे चोरून, अंग घासत पुढं सरकायचं. फिरून टाक्यापाशी पोचले की "हाऽऽ" करून दोन्ही हात मोकळे सोडायचे. वय सत्तरीच्या घरात, अंगात बंडी, गळ्यात दुपट्टा. रस्त्यानं जाणारा कोणीतरी कुंपणावरून विचारायचाच, "कुठं निघाले भाऊ?"

"फिल्टरकडं," भाऊ न थांबता सांगायचे.

आमच्या कारध्यात वैनगंगा अशी समोर वाहते आहे. अशा गावात परसात पोहण्याचं टाकं बांधणारा माणूस हा एकच. माझं पाइप-फिटिंगचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत, त्यामुळे त्या टाक्याच्या प्रत्येक सुधारणेची पहिली खबर मला.

"वहिनी, हा काटकोनी एल्बो वापस घ्या. पाण्याची मान मोडून राहिली थिथं."

"पाण्याले मान कुठून आली भाऊ?"

"तुम्ही पाण्याच्या जागी स्वतःले ठेवून पाहा ना एकदा!"

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मजुरानं खड्डा वाकडा खणला, प्लंबरनं उशीर केला, सगळ्यांना तेच. मला गिऱ्हाईक सोडून पाण्याच्या जागी उभं राहायला वेळ नसतो. पण एका काटकोनाऐवजी दोन अर्धी वळणं दिली की पंपाला जोर कमी लागतो हे खरंच आहे. मी मुकाट्यानं बदलून द्यायची.

टाकं कोणासाठी, ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं. पार्बताताई म्हणजे भाऊंची थोरली बहीण, दिघोरीला दिलेली. आई लवकर गेली, तेव्हा माहेरी कोंढ्यात तिनंच भाऊंना वाढवलं. गावच्या बोडीत, म्हणजे शेताकडच्या लहान तळ्यात, पोहायलाही तिनंच शिकवलं. पाठीवर घेऊन मधोमध गेली आणि सोडून दिलं, एवढंच शिक्षण. पुढं भाऊ कारध्याला येऊन धानाच्या व्यापारात पडले, लग्न केलं नाही. ताईचं आयुष्य रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, चिखलात वाकून गेलं आणि गुडघे कामातून गेले. डॉक्टर म्हणाले, पाण्यात चालवा. नदीचा उतार काही तिला उतरवेना. मग भाऊंनी गवंडी बोलावला.

टाकं झपाट्यानं झालं. अडलं ते पाइपांवर.

पहिल्या भाऊबीजेला ताई ओवाळायला आली, तेव्हा मी चकल्या द्यायला म्हणून तिथंच होते. भाऊंनी ताटात साडी ठेवली आणि साडीवर एका व्हॉल्व्हची लाल मूठ.

"हे काय रे?"

"टाक्याची चावी. पयले तूच फिरवायची."

"मंग चाल ना, आत्ताच फिरवू."

पण पंप पाण्याबरोबर हवा ओढत होता, आणि पाण्यावर हिरवी झाक आली होती. भाऊ म्हणाले, "हिरव्या पाण्यात नाही उतरवत मी तुले. पुढच्या टायमाले."

"अरे धनू, बोडीचं पाणी काय निळं होतं का रे?"

भाऊ हसले, पण ऐकलं नाही. ताई टाक्याच्या कडेला खुर्ची टाकून दुपारभर बसली. पाय कोरडे. भाऊ आपले तिच्या आजूबाजूला दोरी घेऊन कसलीतरी मापं काढत होते. संध्याकाळी ताई मूठ पिशवीत टाकून दिघोरीला परत गेली.

हवा ओढते म्हणून भाऊंनी पंप पाण्याच्या पातळीखाली, खड्ड्यात बसवायचं ठरवलं. उन्हाळ्यात ताई आली तेव्हा परसात नुसता खड्डा. पावसाळ्यात खड्डा भरला आणि पंप बुडाला. राखीला ताई आली, तर पंप ओसरीत खाटेवर वाळत पडलेला, वरून दुपट्टा पांघरलेला.

"याले काय झालं? ताप आला का?" ताईनं विचारलं.

"चेष्टा नको करू. पंप वर घेतो, ओढीचा पाइप मोठा टाकतो, मंग पाहा." मग पाणी ऊन व्हावं म्हणून छतावर काळ्या नळीचं वेटोळं आलं. दुसऱ्या भाऊबीजेला ते जोडायचं राहिलं होतं, म्हणून पुन्हा ताईचे पाय कोरडे.

मी एकदा चिडूनच म्हटलं, "भाऊ, आहे तेवढ्यावर चालू द्या ना. ताईले एकदा उतरू तं द्या."

"अर्धवट कामात ताईले उतरवू?" त्यांनी असं पाहिलं, जसं मी तिला कच्चा भात वाढा म्हणाले.

एक गोष्ट मात्र मला कधीच पटली नाही. स्वच्छ झालेलं पाणी टाक्यात सोडायला भिंतीत वर तोंडं असतात. ती होती. भाऊंना आणखी एक हवं होतं, पार खाली, पायरीच्या समोर, आणि त्याला वेगळा व्हॉल्व्ह. पाण्याच्या हिशेबानं त्याचा काही उपयोग नव्हता. विचारलं की म्हणायचे, "असू द्या."

यंदा रोवण्याच्या दिवसांत ताई घरच्या ओसरीतच पडली. खुबा मोडला. मुलानं नागपूरला, तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या घरी नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, आता खाट सोडणं नाही.

भाऊ भेटून आले. फक्कीनं रेघा आखल्या नाहीत, पाणी झाले नाहीत. प्लंबर बोलावला आणि म्हणाले, "जोड." आठवड्याच्या आत टाकं सुरू झालं. काम एवढंच होतं, हे मला अजून पचत नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी ताईला फोन लावला, आवाज मोठा केला आणि फोन पंपाजवळ धरला.

"ऐक ताई."

"काय ऐकू? काहीच नाही येऊन राहिलं."

"तेच तं! आवाजच नाही करत थो."

"अरे धनू, बंद तं नाही ना?"

भाऊंनी फोन कानाला लावला. "नाही. चालू हाये," एवढंच म्हणाले.

मग माझ्याकडे वळले. "उतरा वहिनी. दिवसभर दुकानात उभ्या राहता."

मी साडी खोचून पाण्यातल्या पायरीवर बसले. त्या खालच्या व्हॉल्व्हला मूठ नव्हती. मी दुकानातून नवी आणली होती, ती पुढं केली. त्यांनी ती माझ्याच हातात परत ठेवली.

"याची हाये. ताईजवळ." आणि पान्यानं व्हॉल्व्ह फिरवला.

समोरच्या तोंडातून ऊन पाण्याची धार आली आणि माझ्या पायावर आदळली. तेव्हा मला त्या बिनउपयोगाच्या तोंडाचा अर्थ लागला.

"बराबर गुडघ्यावर लागते ना?" भाऊंनी विचारलं. "ताई खुर्चीवर बसली होती ना, तवाच माप घेतलं होतं. तिले माहीत नाही."

पार्बताताई बुटकी. मी चांगली उंच. धार माझ्या गुडघ्याच्या चार बोटं खाली, नडगीवर लागत होती. भाऊ पाना हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत उभे होते.

"बराबर आहे," मी म्हणाले. "अगदी गुडघ्यावर."

त्यांनी पाना खाली ठेवला.